तुमचंच हाय की, पेंटर

आमच्या आबांना कुणी 'बोर्ड लिहून द्या' म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. लिहायचं ते मास्तरानं आणि तलाठ्यानं. पेंटर अक्षर ओढतो, असं त्यांचं म्हणणं होतं. देगलूरमध्ये त्यांना नावानं कुणीच हाक मारत नसे. सगळ्यांचे ते 'पेंटर'. माझी माय रागात असली की 'ओ पेंटर' म्हणायची आणि लाडात असली तरी तेच म्हणायची. फक्त आवाज बदलायचा, आणि त्या आवाजावरून आबा ओळखायचे की आत यावं की अजून थोडा वेळ विहाराच्या कट्ट्यावर बसावं.

घर वस्तीत होतं, विहाराच्या मागच्या ओळीत, दोन खोल्यांचं. न्हाणीला दार म्हणून एका बुडालेल्या हॉटेलचा पत्र्याचा बोर्ड लावला होता. त्यामुळे आम्ही तिघांनीही जन्मभर 'गरम चहा, पुरी, भजे' या अक्षरांच्या आड अंघोळ केली. गिऱ्हाइकांनी न नेलेले, नाव चुकलेले, मालक बदललेले असे कितीतरी बोर्ड घरात होते. एकावर माय पापड वाळवायची, एकाचं माझं अभ्यासाचं टेबल झालं होतं. आबा संध्याकाळी आले की आधी घासलेटानं हात पुसायचे, मग साबण, मग राख, आणि तरी वास जायचा नाही. म्हणून माय भाकर कुस्करून, वर अंबाडीची भाजी घालून ताट पुढं करायची आणि सोबत चमचा द्यायची. आमच्या शेजारची तेलगू बोलणारी बाई अंबाडीला पुंटीकुरा म्हणायची आणि चमच्यानं भाकर खाणारा माणूस म्हणून आबांना हसायची. आबाही हसायचे. हसण्यावारी नेणं हा त्यांचा स्वभावच होता, आणि तो पुढं कसा गेला, तेच मला इथं सांगायचं आहे.

आबांची अक्षरं दोन जातींची. एक खडं अक्षर, ते दवाखाने, कचेऱ्या, शाळा यांच्यासाठी. दुसरं पळतं अक्षर. हे नाव त्यांचंच. ब्रश भरून घ्यायचा, श्वास धरायचा आणि मनगट न टेकवता ओढत सुटायचं. कुठं जाड, कुठं बारीक, कुठं रंग संपत आल्यावर केसांचे ओरखडे उमटायचे आणि ते तसेच ठेवायचे. हे अक्षर रसवंतीला चालतं, टेलरला चालतं, जीपच्या मागच्या काचेवर तर फारच शोभतं, असं ते सांगायचे. डॉक्टरच्या बोर्डाला मात्र नको. तिथं पळतं अक्षर बघून पेशंटच पळून जाईल. लग्नाच्या मांडवाबाहेर नवरा-नवरीचं नाव पळतं, पण तारीख आणि वेळ खडी. नाहीतर वऱ्हाड उद्या यायचं ते परवा येतं. ही सगळी अक्कल त्यांनी नांदेडच्या मोईन उस्तादांच्या हाताखाली मिळवली होती. उस्ताद उर्दू बोर्डांचे कारागीर. आबा तेरा-चौदा वर्षांचे असताना त्यांच्याकडं डबे धुवायला राहिले आणि बघून बघून शिकले. त्यामुळे एक गंमत झाली. मराठी पेंटर अक्षरांवरची रेघ डावीकडून उजवीकडं ओढतो. आबा शब्द पुरा करून त्याच्या शेवटाशी जायचे आणि उजवीकडून डावीकडं रेघ ओढत आणायचे, उस्ताद उर्दू अक्षर ओढत तशी. म्हणून त्यांच्या शब्दाची रेघ उजवीकडं जाड असायची आणि डावीकडं पहिल्या अक्षराच्या बाहेर निसटून बारीक शेपटीसारखी विरून जायची. देगलूर-बिलोलीच्या पट्ट्यात अशी उलटी रेघ दुसऱ्या कुणाची नव्हती. त्यामुळे ते बोर्डाच्या कोपऱ्यात सही करत नसत. रेघच माझी सही, म्हणायचे.

मला शिडीवर चढू देत नसत. पोरगी शिडीवर चढली तर लोक अक्षर सोडून पोरीकडं बघतात, असं कारण सांगायचे. निळीत बुडवलेल्या सुताचं दुसरं टोक धरायचं, आबांनी मधोमध सूत ताणून सोडलं की भिंतीवर निळी रेघ उमटते ती बघायची, एवढंच माझं काम. पण मी बघत होते. त्यांच्या खांद्यापासून पाठीपर्यंत कुठं ताण येतो आणि कुठं सुटतो, ते मला पाठ होतं. घरी चुलीपुढच्या राखेत बोटानं मी तसंच ओढून बघायची आणि माय आली की पुसून टाकायची. मला ते हवं होतं, हे मी त्यांना कधी म्हणाले नाही. त्यांनीही विचारलं नाही. आता वाटतं, त्यांनी एकदा ब्रश हातात दिला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण हे वाटणं म्हणजे आपली चूक दुसऱ्याच्या पदरात टाकणं आहे, हेही कळतं.

बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स करून मी नांदेडला एका रेडियमच्या दुकानात लागले. रेडियम म्हणजे रंगीत चिकट कागद. मशीन त्यात अक्षरं कापतं, आजूबाजूचा कागद सोलून काढायचा आणि उरलेली अक्षरं काचेवर नाहीतर पत्र्यावर चिकटवायची. दुरून बघितलं तर ऑइल पेंटच वाटावा. मावशीकडं राहायचं, आठवड्याला देगलूर. आबांना माझ्या नोकरीचा राग नव्हता, पण त्या कामाला ते काम म्हणत नसत. 'चिकटवाचिकटवी कशी चालली?' असं विचारायचे आणि मी तोंड वाकडं केलं की खूश व्हायचे. दुकानात एकच अडचण होती. कॉम्प्युटरची अक्षरं पाठ्यपुस्तकासारखी ताठ. जीपवाले, ब्युटी पार्लरवाल्या बाया, रसवंतीवाले येऊन म्हणायचे, हे नको, हातानं लिहिल्यासारखं मोकळं काहीतरी द्या. मालक वैतागायचे. एक दिवस मी म्हणाले, मी करून बघते.

आबा बिलोलीला एका शाळेच्या भिंतीच्या कामाला गेले होते तेव्हा मी रजा काढून घरी गेले. बटर पेपर घेऊन बसले आणि न्हाणीच्या दारावरून, पापडाच्या पत्र्यावरून, माझ्या टेबलावरून त्यांचं एकेक पळतं अक्षर उतरवून घेतलं. मायला सांगितलं, नव्या कोर्सचं काम आहे. तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत मशीनपुढं बसून मी ती अक्षरं कॉम्प्युटरमध्ये घातली. ठ, ढ, ङ यांचा नमुना कुठंच सापडला नाही, तेव्हा ती मीच ओढली, आबांच्या हातानं. म्हणजे माझ्याच हातानं, पण तुम्हाला कळतंय ना मला काय म्हणायचं ते. ती बाकीच्या अक्षरांत बेमालूम मिसळली. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही क्वचितच. डावीकडच्या शेपटीसाठी मी वेगळी कळ ठेवली. शब्दाच्या आधी ती दाबली की शेपटी लागते. मालकांनी बघितलं, मान डोलावली आणि त्या फॉन्टला नाव दिलं ब्रश-३, कारण बाजारातून आणलेले ब्रश-१ आणि ब्रश-२ आधीच पडून होते. मला त्यांनी कायम केलं. लातूरला त्यांच्या साडूचं असंच दुकान होतं, त्यांनाही सीडी गेली. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही आबांना विचारलं नव्हतं, तेव्हा कुठल्या तोंडानं बोलणार.

घरी सांगायचं मी रोज ठरवत होते. आबा चिडतील ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती अशी की ते म्हणतील, सोड ते दुकान. आणि मला ते मशीन आवडत होतं. तिथं शिडीवर चढायला मला कुणी अडवत नव्हतं. मग मी स्वतःची समजूत काढली की आबांच्या दृष्टीस काही पडणार नाही. नांदेडची अक्षरं नांदेडात.

पण जीपा एका गावात थोड्याच राहतात. देगलूरच्या स्टँडवर एका काळी-पिवळी जीपच्या काचेवर 'माय-बापाची पुण्याई' असं पळतं अक्षर आबांनी बघितलं, डावीकडं शेपटी. त्यांना ते काम केल्याचं आठवेना. इतक्या गाड्या केल्या, एखादी विसरली असेल, म्हणून त्यांनी सोडून दिलं. हे सगळं मला मायकडून तुकड्यातुकड्यानं नंतर कळलं. मग मोंढ्याकडच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्यावर एका नव्या हॉटेलाच्या कपाटाच्या काचेवर त्यांनी आपलं अक्षर बघितलं. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता, आणि काउंटरच्या पलीकडं कोण हात लावून बघतो. त्यांनी हॉटेलवाल्याला विचारलं, हे कुणी केलं. तो माझ्याकडूनच करून घेऊन गेला होता; गावच्या माणसाला मला नाही म्हणता आलं नव्हतं. पेंटरच्या पोरीच्या दुकानातून आणलं, तेव्हा पेंटर थट्टा करतोय असं त्याला वाटलं असणार. तो हसून म्हणाला, "तुमचंच हाय की, पेंटर."

हे तीन-चार शब्द आबांच्या मनात रुतून बसले. त्या माणसाचा काहीच दोष नव्हता. पण आबा घरी आले आणि मायला त्यांनी विचारलं, मी ह्या महिन्यात मोंढ्याकडं कामाला गेलो होतो का. माय म्हणाली, मला काय माहीत, तुम्ही कुठं सांगून जाता. त्यानंतर ते सांगून जायला लागले.

आणि मग लातूर. मायच्या भाचीचं लग्न होतं. एसटी लातुरात शिरली की दोन्ही बाजूंना क्लासचे बोर्ड सुरू होतात, गणित, भौतिकशास्त्र, यशाची परंपरा. त्यातल्या पाच-सहा दुकानांवर आणि काचांवर आबांना आपला हात दिसला. लातुरात त्यांनी उभ्या आयुष्यात एक अक्षर ओढलेलं नव्हतं. माय सांगत होती की त्यांनी तिचा हात धरला, भर एसटीत, जो त्यांनी लग्नातसुद्धा नीट धरला नव्हता. लग्नात ते जेवले नाहीत. नवरीकडच्यांना वाटलं, पाहुण्यांचा काही मानपान राहिला.

माझ्या आजोबांना म्हातारपणी भ्रम झाला होता. ते शेताकडं निघायचे आणि भलत्याच गावी सापडायचे, अंगावर कुणाचा तरी सदरा. आबांनी ते जवळून बघितलेलं. रेडियमची अक्षरं ताठच असतात, एवढंच त्यांना माहीत, त्यामुळे माझ्या दुकानाचा संशय त्यांना आलाच नाही; त्यांच्या मनानं घेतलं की आता आपली पाळी आली. आपण कुठंकुठं जातो, कामं करतो आणि विसरून जातो. रोज सकाळी ते दात घासताना एसटीचे थांबे मनाशी म्हणायचे, देगलूर, नरसी, नायगाव, असे नांदेडपर्यंत, आणि मग उलटे. मायला वाटायचं, जप करतात. शिडी त्यांनी टांगून ठेवली. गिऱ्हाइकाला सांगायचे, डोळा बनवायचाय, मग बघू. मोतीबिंदू काढून डोळा बनवून झाला तरी ब्रश डब्यातच राहिले. मी घरी गेले की माय मला न्हाणीमागं बोलावून म्हणायची, "तुझा बाप लई विसरून राहिलाय माय. मला तं भ्या वाटून राहिलंय." मी तिला विचारलं होतं, काय विसरतात. तिनं जीप सांगितली, हॉटेल सांगितलं, लातूर सांगितलं.

म्हणजे मला त्याच दिवशी कळलं होतं. हे मी आज, माझेच डोळे बनवून झाल्यावर, जाड चष्म्यातून लिहिते आहे, तेव्हा लपवण्यात काही अर्थ नाही. मला कळलं, आणि मी तशीच नांदेडच्या गाडीत बसले. वाटेत ठरवलं, पुढच्या खेपेला सांगू. पुढच्या खेपेला आबांना ताप होता. त्याच्या पुढच्या खेपेला पाहुणे होते. न सांगायला कारणं कधी कमी पडत नाहीत. दीड वर्ष गेलं.

त्या वर्षी जयंतीच्या आधी वस्तीतले दोघे जण दुकानात आले. विहाराच्या भिंतीवरची अक्षरं दरवर्षी आबा नव्यानं रंगवायचे, त्यांच्याच मापाचं बुद्धविहाराचं नाव, खाली पंचशील, निळ्या रंगात. ते काम त्यांनी कधी चुकवलं नव्हतं, तापातसुद्धा नाही; शिडी टांगल्यावरही मागच्या जयंतीला तेवढ्यापुरती उतरवली होती. ते दोघे म्हणाले, पेंटर न्हाई म्हणले, हात चालंना म्हणत्यात, तेव्हा तू रेडियममध्ये करून दे, आम्ही पत्र्यावर चिकटवून भिंतीला लावतो, त्यांच्यासारखंच कर. मी करून दिलं. मशीननं अक्षरं कापली, मी सोलली, पुठ्ठ्यात गुंडाळून त्यांच्या हाती दिली. दुसऱ्या दिवशी मात्र मला दुकानात बसवेना. मी मालकांना न सांगता स्टँडवर आले.

दुपारची वेळ होती. आबा विहाराच्या कट्ट्यावर एकटे बसले होते आणि भिंतीवरच्या नव्या बोर्डाकडं बघत होते. मी जवळ गेले तर ते हळूच म्हणाले, "शालू, हे मी काल केलं का गं?" विचारताना त्यांनी इकडंतिकडं बघून घेतलं, कुणी ऐकत तर नाही ना म्हणून. त्यांचा आवाज मला आजही ऐकू येतो आणि मी कामं सोडून उभी राहते.

मी त्यांचं बोट धरून बोर्डावर नेलं आणि एका अक्षराच्या कडेला त्यांचं नख लावलं. कड उचकटली. मी म्हणाले, "आबा, हे चिकटवलेलं हाय. मी केलं. तुमची अक्षरं मी घरातून उतरवून नेली होती. ठ आन् ढ सापडले न्हाईत, ते मीच ओढले." त्यांनी ती कड पुन्हा पुन्हा नखानं चाचपली. मग घरात गेले आणि माझी शाळेतली एक जुनी वही घेऊन आले. तिच्यात त्यांनी, खड्या अक्षरात, आपल्याला न आठवणाऱ्या सगळ्या बोर्डांची यादी लिहिली होती. चष्मा लावून ते एकेक वाचू लागले. स्टँडवरची जीप. मी म्हणाले, माझं. हॉटेलाचं कपाट. माझं. नरसीचा टेलर. माझं. लातूरचे क्लास. तेही आमच्याच सीडीवरून. सव्वीस जागा होत्या. शेवटची वाचून झाल्यावर त्यांनी वही मिटली आणि घराकडं तोंड करून मायला हाक मारली, "अगं, मी येडा झालो न्हाई."

माय पिठाच्या हातानं बाहेर आली. आबा हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते तिला वही दाखवून सांगत होते, हे सगळं पोरीनं केलंय, माझं डोकं शाबूत हाय. माय हसली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "तुला कधीपसून ठावं होतं?" मी खरं सांगितलं. ती आत गेली, आणि पुढं तीन महिने तिनं मला जेवायला वाढलं पण ती माझ्याशी बोलली नाही.

त्या दिवशी मी आबांना विचारलं, रागावलात का. त्यांनी वही माझ्या हातात परत दिली. मग म्हणाले, "अक्षर नेलंस त्याचं काही न्हाई. लेकराचंच असतंय बापाचं. मागितलं असतंस तं ओढून दिलं असतं, ठ आन् ढ पण. पण मी दीड वर्ष भिऊन राहिलो, शालू, आन् तू बघून राहिली." एवढंच. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही, टोमणासुद्धा मारला नाही, आणि मला मात्र त्यांनी टोमणा मारलेला हवा होता.

मला वाटलं, आता शिडी खाली येईल. आली. त्यांनी नवे ब्रश आणले, एका रसवंतीचं काम घेतलं. मी मुद्दाम रजा काढून सूत धरायला गेले. आबांनी ब्रश भरला, श्वास धरला आणि तसेच उभे राहिले. पहिलं अक्षर ओढलं आणि मागं सरकून मला विचारलं, असंच असतंय ना माझं? मी म्हणाले, हो. दुसऱ्या अक्षराला पुन्हा तेच. ज्यांनी चाळीस वर्षं कुणाला काही विचारलं नव्हतं ते आता प्रत्येक अक्षराला माझ्याकडं बघत होते. भ्रम झाला नव्हता हे डोक्याला कळलं होतं, हाताला कळलं नव्हतं. ती रसवंती अर्धीच राहिली. उरलेली मी पुरी केली, शिडीवर चढून, त्यांच्याच ब्रशनं, आणि ते खाली सुताचं टोक धरून उभे होते. मला जे लहानपणापासून हवं होतं ते असं मिळालं.

थोड्या दिवसांनी त्यांनी दुकानात फोन केला. म्हणाले, माझी पळती बाराखडी तेवढी मोठ्या कागदावर छापून पाठव, सगळी, जोडाक्षरांसकट. मी एसटीच्या कंडक्टरजवळ गुंडाळी दिली. पुढच्या खेपेला घरी गेले तेव्हा ब्रश-३ ची ती बाराखडी भिंतीला खिळ्यांनी ठोकलेली होती आणि आबा तिच्यापुढं मांडी घालून, जुन्या वर्तमानपत्रांवर ब्रशनं ती गिरवत बसले होते. एकेका अक्षरावर बारकाईनं, जीभ दातांत धरून. पानंच्या पानं झाली होती. त्यांनी वर न बघता विचारलं, "बघ गं, आता जमून राहिलंय का?"

मी खाली वाकून बघितलं. पहिला म आणि विसावा म, दोघांत केसाचाही फरक नव्हता. "जमतंय, आबा," मी म्हणाले. खरंच जमत होतं. मशीन कापतं तसं.